ओढ्याचा काठ ढासळतोय? दगडी ताल घाला, सांध्यांत वाळा लावा

प्रश्न (केज, जि. बीड): सोयाबीनच्या शेताला लागून ओढा आहे. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत काठ चार-पाच हात आत सरकला. शेजाऱ्याने सिमेंटची भिंत बांधली होती, ती त्याच पुरात आडवी झाली. दगड रचून त्यात गवत लावले तर टिकेल का? गवत कोणते लावावे?

उत्तर: टिकेल, पण शेजाऱ्याची भिंत का पडली हे आधी समजून घ्या. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते. पूर ओसरताना ओढ्यातले पाणी झटकन उतरते, काठाच्या पोटातले मात्र तिथेच राहते आणि भिंतीला मागून ढकलते. भिंतीत पाणी निघायला छिद्रे नसतील तर ती पडणारच. म्हणूनच कितीतरी काठ पूर चढताना नाही, तर उतरताना ढासळतात. दुसरे कारण पायथ्याचे. वाहते पाणी तळची माती खरडते आणि वरचा भाग अधांतरी राहतो. काठापासून हात-दोन हात आत, काठाला समांतर भेग दिसली तर तो तुकडा सुटत आला आहे. तिथे बैल किंवा ट्रॅक्टर नेऊ नका.

दगडाला हात लावण्याआधी शेतातले पाणी आवरा. ते काठावरून चार ठिकाणी ओघळत असेल तर कोणतीही भिंत टिकणार नाही. काठाच्या आत बांध घालून ते एकाच जागी आणा आणि दगड बसवलेल्या सांडव्यातून खाली उतरवा.

तालीचा, म्हणजे रचलेल्या दगडांच्या भिंतीचा, पाया ओढ्याच्या तळापेक्षा किमान दीड-दोन फूट खाली, शक्यतो मुरमाला टेकेपर्यंत न्या. वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणखी खोल जा, कारण पाण्याचा मार तिथेच बसतो. मोठे दगड खाली, लांब बाजू काठाच्या आत, सांधे एकावर एक येऊ देऊ नका. ताल काठाकडे थोडी कलती ठेवा. सिमेंट नको. पाठीमागे फूटभर खडी-मुरूम भरा, काळी माती थेट दगडाला लावू नका. उंची तीन-चार फुटांपर्यंतच ठेवा. त्याहून उंच किंवा जाळीतल्या दगडांची भिंत हवी असेल तर जाणत्या अभियंत्याला जागा दाखवा. तालीच्या वरचा काठ उभा न ठेवता तासून दोनास एक उतार द्या, म्हणजे दोन फूट आडवे तर एक फूट उभे. यात थोडी जमीन जाते हे खरे, पण उभा काठ ठेवलात तर ओढा त्याहून जास्त नेईल.

आता गवत. माझी पहिली पसंती वाळ्याला. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतही. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा, पाने वीतभर ठेवून छाटा, मुळे शेणकाल्यात बुडवा. उतारावर आडव्या ओळीत चार ते सहा इंचांवर लावा. मध्ये फट राहिली तर पाणी तिथूनच घुसते, म्हणून मेलेले ठोंब त्याच पावसाळ्यात बदला. दाट सावलीत वाळा नीट वाढत नाही.

दगडांच्या सांध्यांत माती-शेणखत ठासून वाळ्याचे ठोंब किंवा निर्गुडीच्या लांब काड्या खोचा, काडीचे टोक मागच्या मातीपर्यंत पोचले पाहिजे. निर्गुडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आपल्याकडे हा मोठाच फायदा. वरच्या उतारावर मारवेल किंवा पवना लावलात तर वैरणही मिळेल. बाभूळ, कडुलिंब यांसारखी झाडे तालीवर नकोत. वाऱ्याने खोड हलले की दगड सुटतात. ती काठापासून मागे लावा.

खोदाई आणि दगडकाम एप्रिल-मे महिन्यांत उरका, लागवड मात्र पहिला चांगला पाऊस झाल्यावरच. ओढ्याचे पात्र अरुंद करू नका, नाहीतर समोरच्याचा काठ जाईल. ओढा सरकारी हद्दीत असेल तर काम सुरू करण्याआधी तलाठी आणि ग्रामपंचायतीला कळवा. पहिली दोन वर्षे तिथे चराई बंद ठेवा आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर पायथा पाहा. तळचा दगड हलला असेल तर पुढच्या पावसाआधीच पुन्हा बसवा.