छाती हलतेय, मग 'गेले' कसं म्हणता?

तुम्ही विचारलंय, मृत्यूची नेमकी व्याख्या काय, हृदय बंद पडणं की मेंदू बंद पडणं? मी आयसीयूत नर्स आहे. आमच्याकडे हाच प्रश्न असा येतो: "छाती हलतेय, हात गरम आहे, मग गेले असं कसं म्हणता?"

'प्राणज्योत मालवली' म्हटलं की फुंकर मारून दिवा विझवल्यासारखं वाटतं. शरीर तसं एका फटक्यात विझत नाही. रक्तपुरवठा तुटला की मेंदूच्या पेशी चार-पाच मिनिटांत मरायला लागतात, पण डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे समोरचा पारदर्शक पडदा, काही तासांनी काढूनही दुसऱ्याला बसवता येतो. (मेल्यावर नखं वाढतात हे मात्र खोटं. कातडी सुकून आक्रसते, म्हणून ती लांब दिसतात.) तेव्हा 'आता परत फिरणं नाही' ही रेघ कुठे मारायची, ते माणसांनाच ठरवावं लागतं.

पूर्वी ते सोपं होतं. श्वास, नाडी, मेंदू, सगळं काही मिनिटांत एकापाठोपाठ जायचं. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हवा भरायला लावली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने पिशवी दाबत बसायचे. पुढे ते काम यंत्र करू लागलं आणि नवंच कोडं उभं राहिलं. हृदयाला ठोके द्यायला मेंदू लागत नाही, ऑक्सिजन मिळाला की ते चालत राहतं. मेंदू पार संपलाय आणि हृदय चालू आहे, असे रुग्ण 1959 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवले. 1968 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने अशा अवस्थेला मृत्यू मानावं असं सुचवलं.

अवयव मिळावेत म्हणून व्याख्या बदलली, असं बरेच जण म्हणतात. पहिलं हृदयप्रत्यारोपण डिसेंबर 1967 मधलं, त्यामुळे संशय येणारच. पण मला त्यात अर्धंच तथ्य दिसतं. कोडं आठ वर्षं आधीच पडलं होतं.

मला पटलेली व्याख्या अशी: शुद्धीवर येण्याची आणि स्वतःहून श्वास घेण्याची क्षमता, दोन्ही कायमच्या गेल्या म्हणजे मृत्यू. हृदय थांबून परत सुरू झालं नाही, तरी माणूस शेवटी तिथेच पोचतो. कोमा वेगळा. त्यात मेंदू पूर्ण संपलेला नसतो आणि काही जण त्यातून बाहेरही येतात.

आता तपासणी. झोपेच्या औषधांचा अंमल नाही, अंग गार पडलेलं नाही, हे आधी बघतात. मग बाहुल्यांवर टॉर्च, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात बर्फाचं पाणी. कशालाच प्रतिसाद नसेल तर शेवटी व्हेंटिलेटर सोडवतात आणि नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मेंदूच्या बुंध्यात, म्हणजे श्वास चालवणाऱ्या खालच्या भागात, जरा जरी धुगधुगी असेल, तर तो श्वास घ्यायला लावणारच. आठ-दहा मिनिटं आम्ही सगळे उघड्या छातीकडे टक लावून उभे असतो. कोणी बोलत नाही. मग रक्ताचा नमुना जातो. कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला आणि तरी छाती हलली नाही, की झालं.

कागदावर मृत्यूची वेळ म्हणून या चाचणीची वेळ लिहितात. नंतर व्हेंटिलेटर कायमचा काढला की मॉनिटरवरची रेघ सरळ होते. नातेवाईक ती वेळ लक्षात ठेवतात.