पायांना मुंग्या, तळव्यांची आग: वाचकांचे प्रश्न

कागल: वय ५४. मधुमेहाला ९ वर्षं झाली, मेटफॉर्मिन चालू आहे. रात्री तळपायांची आग होते, आणि चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही. मेडिकलमधून 'नसांच्या गोळ्या' घेतोय. चालेल का?

आधी कारण शोधा. तुमची लक्षणं पेरिफेरल न्यूरोपथीची वाटतात, म्हणजे मेंदू आणि मणक्याबाहेरच्या नसांना झालेली इजा. ती कशामुळे झाली, हे या नावातून कळत नाही. मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी बिघडतात. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. एकाच पायाला त्रास असता तर आधी कंबरेकडे पाहिलं असतं.

तुमच्या बाबतीत दुसरी शक्यताही आहे. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्यावर काहींच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. शाकाहारी घरात हा धोका जास्त, पण तांबडा-पांढरा रस्सा नेहमी होत असला तरी तपासणी चुकवू नका. रक्तात बी-१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता समजतात. २०० ते ३०० म्हणजे संशयाची जागा. हिमोग्लोबिन चांगलं असूनही नसा बिघडलेल्या असू शकतात. रक्त मात्र गोळ्या-इंजेक्शन सुरू करण्याआधी द्यायला हवं, नाहीतर आकडा फसवा येतो. तुम्ही गोळ्या घेताय, हे डॉक्टरांना आधी सांगा. सोबत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉईड) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) या तपासण्या करून घ्या.

त्या पाकिटावर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, किती मिलिग्रॅम आहे तेही वाचा. मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर बी-६ स्वतःच नसांना इजा करतं. मेटफॉर्मिन मात्र मनानं बंद करू नका.

चप्पल निसटल्याचं न कळणं मला आगीपेक्षा गंभीर वाटतं. दुखत नाही म्हणून जखम दिसत नाही. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरा, बोटांच्या बेचक्या पाहा. नव्या कोल्हापुरीचा अंगठा घासून फोड आलाय का, ते बघा. आंघोळीचं पाणी पायानं नव्हे, कोपरानं तपासा.

हुपरी: चांदीचं बारीक काम करते. रात्री उजव्या हाताची बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. बी-१२ चं इंजेक्शन घेऊ?

अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटं बधिर होत असतील आणि करंगळी ठीक असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता जास्त. तिथं बी-१२ च्या इंजेक्शनचा उपयोग नाही. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे बांधून पाहा, काम करताना मनगट दुमडलेलं ठेवू नका. थायरॉईड आणि साखर तपासा. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट व्हायला लागला तर थांबू नका, नसतज्ज्ञांना दाखवा.

सुभाषनगर: चप्पल-बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवतो. दोन महिन्यांत पाय जड झालेत, जिना चढवत नाही. साखर नॉर्मल आहे.

डॉक्टरांना सर्वांत आधी कामाविषयी सांगा. काही सोल्युशन आणि थिनरमध्ये एन-हेक्झेन असतं. त्याची वाफ बंद खोलीत रोज छातीत गेली तर नसा बिघडतात, आणि नुसत्या मुंग्या न येता ताकदही जाते. डब्यावरच्या लेबलचा फोटो दाखवायला न्या. डबा वापरापुरताच उघडा, ब्रशनं लावा, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, थिनरनं हात धुऊ नका. कापडी मास्क वाफ अडवत नाही. तपासणी होईपर्यंत चिकटवण्याच्या कामापासून दूर राहा. काम थांबवल्यावरही काही आठवडे त्रास वाढू शकतो. तेव्हा घाबरून उपचार सोडू नका. नसा सावकाश भरून येतात.

राजारामपुरी: नसांची तपासणी नॉर्मल आली, तरी तळव्यांची आग थांबत नाही. हा मनाचा खेळ आहे का?

नाही. एनसीएस, म्हणजे नसांतून विजेचा संदेश कसा जातो ते मोजणारी तपासणी, जाड नसांची असते. आग आणि टोचणी जाणवते ती बारीक नसांतून, आणि त्या या तपासणीत दिसत नाहीत. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के, म्हणजे नॉर्मल आणि मधुमेह यांच्या मधल्या पट्टीत असेल तर तेही कारण असू शकतं. दारू घेत असाल तर तेही लपवू नका. प्रिगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटीन या औषधांनी आग कमी होते, नस दुरुस्त होत नाही.

गडहिंग्लज: आईच्या पायांना बधिरपणा आहे. चैत्रात जोतिबाला अनवाणी जायचं म्हणते.

अनवाणी नको. उन्हात तापलेल्या दगडी पायऱ्यांवर तळवे भाजले तरी त्यांना कळणार नाही. पहाटे न्या, मऊ चपला घालूनच चढवा आणि चपला काढाव्या लागतील तिथं जाड सुती मोजे घाला. घरी आल्यावर तळवे पाहा.

इचलकरंजी: मुंग्या आल्या की तातडीनं कधी पळायचं?

काही दिवसांतच अशक्तपणा पायांकडून वर चढू लागला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, लघवी अडली, तर ओपीडीची वाट पाहू नका. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.