तुमचे प्रश्न : फिरती शिल्पे

प्रश्न : जुन्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर असायचे तसे, कडीवाला ग्रह आणि त्याच्याभोवती उभ्या चक्रात फिरणारे टोकदार रॉकेट असे शिल्प स्टीलच्या भांड्यांतून करत आहे. मोटर 12 व्होल्टची, 10 आरपीएमची गिअर मोटर. रॉकेट वर चढताना अडखळते आणि माथा ओलांडला की धपकन खाली येते. मोठी मोटर घ्यावी का? (रावपुरा, बडोदे)

उत्तर : मोटर तीच राहू द्या, कमी पडते आहे ते काउंटरवेट, म्हणजे रॉकेटला तोलणारे समोरच्या बाजूचे वजन. रॉकेट 200 ग्रॅमचे आणि दांडा 30 सेंमीचा धरला, तर दांडा आडवा असताना मोटरवर 6 किलो-सेंमीचा ताण येतो. उतरताना हाच भार मोटरला पुढे ओढतो, गिअरच्या दात्यांमधला प्ले (मोकळी फट) एकदम दुसऱ्या बाजूला जातो आणि तो धपका बसतो. मोटर मोठी घेतली तरी प्ले राहणारच.

दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, शाफ्टपासून 10 सेंमीवर, 600 ग्रॅम वजन लावा. दांड्याचे स्वतःचे वजनही असते, म्हणून हा आकडा फक्त सुरुवातीचा. खरी तपासणी मोटर काढून करायची. दांडा आडवा, उभा, तिरपा, जिथे सोडाल तिथेच थांबला पाहिजे. बहुतेक जण फक्त आडवा ठेवून पाहतात. आडवा स्थिर राहतो पण उभा केला की एका बाजूला कलतो, याचा अर्थ रॉकेटच्या पंखांमुळे वजन दांड्याच्या रेषेबाहेर गेले आहे. अशा वेळी काउंटरवेट दांड्याच्या दुसऱ्या अंगाला थोडे सरकवा. त्यासाठी वजनाला गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडलेली बरी.

दांडा थेट मोटरच्या शाफ्टवर बसवू नका. 8 मिमीचा वेगळा शाफ्ट दोन 608 बेअरिंगवर, एकमेकांपासून 8 ते 10 सेंमी अंतरावर, ठेवा आणि मोटर लवचिक कपलिंगने (दोन शाफ्ट जोडणाऱ्या नळीने; मोटरकडे 6 मिमीचे, शाफ्टकडे 8 मिमीचे भोक) जोडा. घट्ट कपलिंग वापरले आणि दोन शाफ्ट केसभर जरी वाकडे असले, तरी दर फेऱ्याला गुरगुर ऐकू येते. कपलिंग आवळणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू जिथे टेकतो तिथे शाफ्टला कानशीने सपाट जागा करा, नाहीतर आठवड्याभरात तो घसरू लागतो. इतके करूनही बारीक धक्का उरला, तर शाफ्टला फेल्टची चकती हलकी दाबून ठेवा. तेवढ्या घर्षणाने दाते एकाच बाजूला टेकून राहतात.

आणि वेग. 10 आरपीएमला फेरा 6 सेकंदांचा, म्हणजे जत्रेतला पाळणा. अंतराळाचा भास हवा असेल तर 3 आरपीएमची मोटर घ्या, फेरा 20 सेकंदांचा होईल. स्पीड कंट्रोलरने 10 ची 3 करायला गेलात, तर मोटर अडकत-अडकत चालते.

प्रश्न : दोन ग्रह एकाच मोटरवर फिरतात, पण दोन मिनिटांत सगळी हालचाल पाठ होते. (मांजलपूर, बडोदे)

उत्तर : हा प्रश्न फार मोलाचा आहे. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी 1930 च्या दशकात मोटरवर चालणारी शिल्पे केली आणि पुढे बहुतेक कामात मोटर सोडून वाऱ्यावर भर दिला, त्यामागे ठरावीक फेऱ्यांचा हाच कंटाळा होता. मोटर ठेवूनही इलाज आहे. मधल्या 20 दात्यांच्या गिअरच्या एका बाजूला 40 दात्यांचा आणि दुसऱ्या बाजूला 41 दात्यांचा गिअर लावा. मधला गिअर 82 वेळा फिरेल तेव्हाच दोन्ही ग्रह पुन्हा मूळ जागी एकत्र येतील. मोटर 2 आरपीएमची असेल तर 41 मिनिटांनी! 5 मिमी ॲक्रिलिकमधून लेसर कटिंग करून घ्या, मॉड्यूल (दात्यांचे माप, म्हणजे गिअरचा व्यास भागिले दाते) 1.5 ठेवा. केंद्रांमधले अंतर 45 आणि 45.75 मिमी येते, त्यात 0.2 मिमी वाढवा. दाते अगदी चिकटून बसवले तर ॲक्रिलिक उन्हाळ्यात फुगून जाम होते.

प्रश्न : मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर लावली. कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. बिघडली आहे का? (कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : नाही. ती सिंक्रोनस मोटर, म्हणजे एसी विजेच्या लयीशी जुळून फिरणारी मोटर आहे. सुरू होताना रोटर ज्या स्थितीत असेल त्यावर दिशा ठरते. शिवाय अशा बहुतेक मोटरी 230 व्होल्टच्या असतात, आणि धातूच्या शिल्पात उघडी 230 व्होल्टची जोडणी नको. 12 व्होल्टचीच लावा.

प्रश्न : ग्रहाच्या आत पिवळा दिवा आहे. ग्रह फिरतो तशी वायर पिळून तुटते. (अलकापुरी, बडोदे)

उत्तर : दिवा फिरवायचाच कशाला? ग्रह पोकळ शाफ्टवर फिरवा आणि त्या शाफ्टमधून स्थिर नळी वर नेऊन तिच्या टोकाला दिवा बसवा. 12 व्होल्टवर तीन पिवळे एलईडी ओळीने जोडले तर 390 ओहमचा एक रेझिस्टर पुरतो, प्रवाह साधारण 15 मिलिअँपिअर राहतो. एलईडीवर ट्रेसिंग पेपरची गुंडाळी चढवा, म्हणजे ठिपके न दिसता जुन्या रेडिओच्या डायलसारखा मऊ उजेड येतो. दिवा फिरत्या दांड्याच्या टोकालाच हवा असेल, तर मात्र स्लिप रिंग, म्हणजे फिरत्या भागाला वायर न पिळता वीज देणारा जोड, लागेल. तिची एकच बाजू घट्ट धरा, दुसऱ्या बाजूला फक्त फिरू न देणारी सैल पट्टी द्या. दोन्हीकडून आवळली की आतले बेअरिंग ताणाखाली येते आणि दिवा लुकलुकू लागतो.