वडिलांच्या अँजिओप्लास्टीला तीन आठवडे झालेत. आता स्ट्रेस थॅलियम करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की बाबा गुहागरला असतात, तीन आठवड्यांपूर्वी मुंबईत त्यांना एक स्टेंट बसवला, आता काही त्रास नाही, रोज समुद्रावर फेरी मारून येतात. भाऊ मात्र म्हणतोय, एकदा स्ट्रेस थॅलियम करून टाकू, म्हणजे स्टेंट नीट चालतोय का ते कळेल. मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन आहे. तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून माझं उत्तर: आत्ता नको.

भावाची काळजी अगदी रास्त आहे. पण या तपासणीत स्टेंट दिसतच नाही. ट्रेडमिलवर चालवून किंवा औषध देऊन हृदयावर ताण आणतात, ताण शिगेला पोचला की शिरेतून थॅलियम किंवा टेक्नेशियम हे किंचित किरणोत्सर्गी द्रव्य सोडतात. मग पेशंट हात डोक्यावर घेऊन निजतो आणि गॅमा कॅमेरा छातीभोवती सावकाश फिरतो. हृदयाच्या स्नायूला जिथे रक्त चांगलं पोचलं तो भाग उजळ, जिथे कमी तो फिकट. ताणातलं आणि आरामातलं चित्र शेजारी शेजारी लावायचं. ताणात फिकट आणि आरामात भरलेला भाग दिसला, तर तिथे श्रमाच्या वेळी रक्त कमी पडतंय असा अर्थ काढतात.

स्टेंटनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नेमका हाच अर्थ फसवा ठरू शकतो. पोफळीच्या वाडीत मुख्य पाट उपसून मोकळा केला, तरी आळ्यांकडे जाणाऱ्या बारीक सऱ्या गाळाने भरलेल्या असतील तर पाणी लगेच सगळीकडे सारखं फिरत नाही. बलून फुगवताना रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं, ताण आला की ती पुरेशी रुंदावत नाही. फोडलेल्या अडथळ्याचे सूक्ष्म कण पुढच्या बारीक वाहिन्यांत जाऊन बसू शकतात. आणि कित्येक महिने कमी दाबावर काढलेल्या त्या वाहिन्यांना पूर्ववत व्हायला वेळ लागतो. स्टेंट उत्तम उघडा असूनही स्कॅनवर डाग दिसतो तो यामुळे. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली, त्यानंतरच्या दशकातच डॉक्टरांच्या हे लक्षात आलं होतं. म्हणून त्रास नसेल तर निदान ४ ते ६ आठवडे थांबावं, असं तेव्हापासून सांगत आलेत.

हर्णैकडचे एक तांडेल काका मला आठवतात. घरच्यांनी हौसेने नव्हे, धास्तीने पंधरवड्यातच स्कॅन करून घेतला. रिपोर्टात पुढच्या भिंतीला रक्त कमी असल्याचं आलं. घरात रडारड, होडी विकायची भाषा सुरू झाली. काकांना छातीत काही नव्हतं, ईसीजी आणि इको ठीक होते. त्यांच्या कार्डिओलॉजिस्टशी बोलून आम्ही थांबलो. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा तीच भिंत पूर्ण भरलेली दिसली. मधल्या काळात त्या घराने जे सोसलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. कुठे कुठे तर अशा रिपोर्टावरून थेट दुसरी अँजिओग्राफी होते.

नंतर तरी ठरवून करावी का? त्रास नसेल तर त्याचाही फारसा फायदा दिसलेला नाही. कोरियात जास्त जोखमीच्या १,७०६ पेशंटवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची वर्षभराने ठरवून ताणाची तपासणी केली, निम्म्यांची नाही. दोन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा अस्थिर अंजायनासाठी (अचानक वाढलेलं, हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं छातीतलं दुखणं) भरती यांचं प्रमाण तपासणी केलेल्यांत ५.५ आणि न केलेल्यांत ६ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच.

अपवाद आहेत. दुसऱ्या रक्तवाहिनीतला अडथळा तसाच ठेवलेला असेल आणि त्याचं काय करायचं हे ठरवायचं असेल, तर कार्डिओलॉजिस्ट स्वतःच तपासणी सुचवतील. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलंय का बघा. आणि पुढे तीन-चार महिन्यांनी चढ चढताना पूर्वीसारखं छातीत भरून येऊ लागलं, तर स्कॅनला खरा अर्थ आहे.

पण आत्ता, या पहिल्या महिन्यात, बाबांना छातीत दुखलं, घाम फुटला, जीव घाबरा झाला, तर स्कॅनची अपॉइंटमेंट घेत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी होईल अशा जवळच्या हॉस्पिटलात न्या. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका याच दिवसांत सर्वांत जास्त असतो, आणि गोळ्या मध्येच बंद करणं हे त्याचं मोठं कारण. ॲस्पिरिन आणि सोबतची रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी दात काढायचा म्हणून किंवा अंगावर काळंनिळं दिसलं म्हणून परस्पर थांबवू नका. पावसाळ्यात महिनाभराच्या गोळ्या घरात जास्तीच्या ठेवा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठच पाण्याखाली होती, तेव्हा गोळ्यांसाठी लोकांची झालेली वणवण मी पाहिली आहे.

पुढे कधी तपासणी करायची ठरलीच, तर आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद. कोरा चहासुद्धा नाही. ताणासाठी देतात त्या औषधाचा परिणाम कॅफिनमुळे दबतो. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाताना डब्यात चहावाला आला की बाबांचा हात आपोआप पुढे जाईल, तेवढं सोबत असलेल्याने बघावं. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी, त्या दिवशी घ्यायची की नाही हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.