गोळीच्या आधी पहिलीतलं प्रगतिपुस्तक शोधा

प्रिय सांगलीची आई,

तुम्ही लिहिता, मुलगी दहावीत आहे, पण पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर बसते. पावसाची झड लागली की रात्र रात्र मोबाईलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं ते बघत जागते. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात ती चौथीत होती आणि तुम्हा सगळ्यांना गच्चीवरून बोटीत उतरवलं होतं. शेजारच्या मुलाला एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळी चालू आहे, तीच हिलाही द्यावी का, असं तुम्ही विचारताय. शिवाय रील्स बघून तुम्हाला वाटू लागलंय की हा आजार आपल्यालाही आहे.

शेजारच्या डबीतली गोळी अजिबात नको. ती डॉक्टरांनी तपासून, वजन-रक्तदाब बघून द्यायची असते. आणि तुमच्या मुलीचं लक्ष भीतीमुळे उडत असेल, तर त्या गोळीने ती भीती जाणार नाही.

खरा प्रश्न आहे, हे सुरू कधी झालं? एडीएचडी दहावीत अचानक उगवत नाही. त्याची लक्षणं बाराव्या वर्षाआधीच दिसायला हवीत, तीही घरी आणि शाळेत, दोन्हीकडे. हिच्या बाबतीत बारा वर्षांची अट पुरेशी नाही, कारण पूर आला तेव्हा ती जेमतेम नऊ वर्षांची होती. म्हणून त्याच्याही मागे जा. पहिली ते तिसरीची प्रगतिपुस्तकं काढा. ‘जागेवर बसत नाही’, ‘वही अर्धवट’ असे बाईंचे शेरे तेव्हापासूनचे आहेत का? पुस्तकं पुरात गेली असतील (तुमच्याकडे बहुतेकांची गेलीच), तर त्या बाईंना फोन करा. शिक्षकांना अशी मुलं बरोबर लक्षात असतात.

तेव्हा सगळं ठीक होतं आणि पुरानंतर बिघडलं असेल, तर संशय मनावरच्या आघाताकडे जातो. ज्या मुलीचं अर्धं मन पाणी किती फुटांवर आलं याच्या पहाऱ्यावर आहे, तिच्या डोक्यात त्रिकोणमिती शिरणार कशी? त्यात झोप नाही. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात, म्हणून निदान तुम्ही-मी करायचं नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करा. पुढे थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे न लाजता विचारा. ‘समुपदेशक’ अशी पाटी आजकाल कुणीही लावतं.

‘सगळं पुन्हा उकरून काढतील’ ही तुमची धास्ती समजते. पण आघातासाठीच्या सीबीटीत (विचार आणि वागण्यावर काम करणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) पहिल्या दिवशी कुणी ‘सांग, काय झालं’ म्हणत नाही. आधी श्वास, झोप, भीती आली की अंग काय करतं ते ओळखणं. मग तिच्या वेगाने, थोडं थोडं करत त्या दिवसांची हकीकत. साधारण बारा ते सोळा बैठका लागतात आणि त्यातल्या काहींत आईवडिलांनाही बसवतात. त्यामुळे ‘मला बँकेतून सुट्टी मिळत नाही’ असं म्हणणाऱ्या तिच्या बाबांनाही सांगून ठेवा. ईएमडीआर नावाचीही एक पद्धत आहे. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची असते. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मुलांच्या आघातासाठी या दोन्ही पद्धती सुचवल्या आहेत.

आता तुमच्याबद्दल. पतसंस्थेतली नोकरी, मार्चएंडपासून न संपलेलं काम, ग्राहक समोर आला की येणारा वैताग, ‘मला आता काही जमत नाही’ ही भावना, हे सगळं पत्रात आहे. शाळेत मात्र तुम्ही टापटीप आणि पहिल्या पाचात होतात, असंही तुम्हीच लिहिलंय. म्हणून मला हे एडीएचडीपेक्षा बर्नआऊट, म्हणजे मनाची पार दमछाक, वाटतं. ते कामातून येतं, म्हणून एखाद्या रविवारी झोप काढून जात नाही, काम कमी करावं लागतं. साहेबांशी बोला. त्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, चाळिशीतला निम्मा विसराळूपणा तिथेच सापडतो, असं माझं मत.

‘ती परवा म्हणाली, मी नसते तर बरं’ हे वाक्य तुम्ही पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणून लिहिलंय. माझ्यासाठी ते पहिलं आहे. आज रात्री तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं, किंवा ती नुसती गप्प राहिली, तरी तिला एकटीला सोडू नका आणि सकाळीच मिरज गाठा. रात्रीच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.