निर्वात, पोकळी, शून्य: रिकामं, पण कशानं?

प्रश्न असा आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत 'व्हॅक्यूम'ला कुठे 'निर्वात' म्हणतात, कुठे 'पोकळी', तर कुठे दोन्ही जोडून 'निर्वात पोकळी'. यातलं बरोबर कोणतं? शून्य, रिक्त, रिता, रिकामा, पोकळ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि व्हॅक्यूम खरा रिकामा नसतोच असं भौतिकशास्त्रवाले सांगतात, मग शब्दच बदलायला नको का?

आधी निकाल सांगतो: व्हॅक्यूमला निर्वातच म्हणावं, पोकळी ही वेगळी वस्तू आहे आणि शब्द बदलायची गरज नाही. कारणांना मात्र जरा फेरा घ्यावा लागेल, कारण या शब्दांचा गुंता सोडवायची किल्ली न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात आहे.

वैशेषिकांनी आणि नैयायिकांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' उघडलात तर सात पदार्थांच्या यादीत शेवटी अभाव बसलेला दिसेल, आणि त्याचे चार प्रकारही: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव, अन्योन्याभाव. घडा घडण्यापूर्वी तो नसतो, तो प्रागभाव. फुटल्यावर नसतो, तो प्रध्वंसाभाव. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची एक अट. नुसता अभाव सांगता येत नाही, तो कशाचा आणि कुठे हे सांगावं लागतं. 'जमिनीवर घडा नाही' यात जमीन हे अधिकरण (जिथे नाही ते) आणि घडा हा प्रतियोगी (जे नाही ते). प्रतियोगी सांगितला नाही तर वाक्य पुरं होत नाही. मराठीतले रिकामेपणाचे शब्द या अटीवर घासून पाहिले की प्रत्येकाचा प्रतियोगी वेगळा निघतो.

'रिकामा' घ्या. रिक्षा रिकामी आहे म्हणताना चालक आत बसलेलाच असतो, नसतो तो उतारू. रिकाम्या माणसाकडे नसतं ते काम, आणि ते नसलं की काय होतं हे भिंतीला तुंबड्या लावणाऱ्या न्हाव्याला विचारावं. म्हणजे ज्या वापरासाठी वस्तू आहे तो वापर सध्या होत नाहीये, एवढंच रिकामा सांगतो. 'सध्या' हे महत्त्वाचं. रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बसणार, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

'रिता' मागे वळून पाहतो. भरलेलं होतं, ते गेलं. दुकानातून नवा आणलेला माठ रिकामा असतो. दुपारपर्यंत घरानं पाणी पिऊन संपवलं की तो रिता होतो. नैयायिक इथे माझा कान धरतील, कारण पाणी नष्ट झालेलं नाही, फक्त हललं आहे. पण भाषेच्या कानाला तो प्रध्वंसाभावाचाच सख्खा भाऊ वाटतो. देवाकडे, गुरूकडे, बाळ बघायला रित्या हाताने जाऊ नये म्हणतात, तिथे मात्र हा शब्द जुन्या चालीनं टिकलाय. प्रमाण मराठीत तो आता बराचसा लिहिण्यापुरता उरला आहे. गोव्यात तसं नाही, कोंकणीत साधं भांडंही 'रितें' असतं.

रिता आला 'रिक्त'मधून, आणि रिक्त 'रिच्' या धातूतून. या धातूचं गोत्र पाहण्यासारखं आहे. प्राणायामातला रेचक त्याचा, आयुर्वेदातलं विरेचन त्याचं, पंचांगातल्या रिक्ता तिथी (चतुर्थी, नवमी, चतुर्दशी) त्याच्या, आणि 'अतिरेक'सुद्धा त्याचाच. रिच् म्हणजे मोकळं करणं, मागे सोडणं. जिथून गेलं ते रिक्त झालं, जे जास्तीचं मागे उरलं ते अतिरिक्त. म्हणून शाळांच्या बातम्यांत 'रिक्त पदे' आणि 'अतिरिक्त शिक्षक' एकाच मथळ्याखाली सुखानं नांदतात. व्युत्पत्तीला त्याचं आश्चर्य वाटत नाही, शिक्षकांना वाटत असावं.

'पोकळ' हा पूर्ण वेगळ्या घरचा. डबा रिकामा असतो, त्याला कुणी पोकळ म्हणत नाही. तो आतून भरीव असेल अशी अपेक्षाच नसते. बांबू पोकळ, वासा पोकळ, आश्वासन पोकळ. बाहेरून भरीव दिसावं आणि आत गर नसावा, तो पोकळपणा. म्हणून या शब्दात फसवणुकीची छटा येते आणि रिकाम्यात येत नाही. पोकळीला भोवती भिंत लागते. झाडाच्या खोडात पोकळी, दातात पोकळी, नाकामागे हाडात पोकळी. आणि पोकळीत काहीही असू शकतं: हवा, पाणी, मध.

'मोकळा'चा प्रतियोगी तर आतली वस्तूच नव्हे, बंधन आहे. मूळ 'मुक्त'. भात मोकळा झाला तरी पातेलं भरलेलंच असतं. मोकळी जागा आणि रिकामी जागा यांतला फरक तर शहरात राहणाऱ्याला सांगायलाच नको: मोकळ्या जागेत मुलं खेळतात, रिकाम्या जागेवर इमारत येते.

गाव ओस पडतं. 'उद्वस'मधून आलेल्या या शब्दाच्या पोटात 'वस्ती'चा वस् आहे, त्यामुळे प्रतियोगी वेगळा शोधावा लागत नाही.

आता शून्य. हा 'शून'मधून आला, आणि शून म्हणजे सुजलेला, फुगलेला. मूळ धातू श्वि, त्याबद्दल 'टुओश्वि गतिवृद्ध्योः' असं धातुपाठ (संस्कृत धातूंची जुनी यादी) सांगतो. वृद्धी, वाढ हा त्याचा अर्थ. फुगलेलं ते आतून पोकळ, असा तो प्रवास. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळही वाढवतात. डब्यातलं कुंकू किंवा तांदूळ संपले की 'वाढले' म्हणणारी घरं अजून आहेत. हा अशुभ टाळायचा रिवाज आहे, त्याचा श्वि धातूशी काही संबंध नाही. पण दोन वाटांनी भाषा एकाच ठिकाणी पोचली याची गंमत वाटते खरी.

मराठीत शून्याला तीन रूपं आली. गणितात तत्सम शून्य, घरात 'सुनं', आणि धक्का बसल्यावर 'सुन्न'. चौथं नाव मराठीचं खास: 'पूज्य'. जुन्या मराठीत शून्याच्या आकड्याला पूज्य म्हणत. 'गणिताच्या नावानं पूज्य' ही बोली अजून ऐकू येते. पत्राच्या मायन्यात 'पूज्य' लिहिताना आपण काय लिहितो हे ठाऊक असलेले चावट भाचे प्रत्येक पिढीत निपजतात.

संस्कृत गणितज्ञांकडे तर नावांची चंगळ होती: ख, गगन, अंबर, अभ्र, बिंदू, आणि चक्क 'पूर्ण'. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. शून्याला शून्यानं भागून शून्य येतं हेही सांगितलं, ते पुढे टिकलं नाही. भास्कराचार्यांनी शून्यानं भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि ती अनंत असून अच्युताप्रमाणे भर घातल्यानं वा काढल्यानं बदलत नाही असं लिहिलं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. गणितातल्या शून्याचा प्रतियोगी अर्थातच संख्या: त्या स्थानी काही नाही, पण स्थान आहे. २७० मधलं शून्य काढून टाका, २७ उरतात. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या लेखात हाच २७० आकडा कोरलेला आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या शून्यतेबद्दल आहे. 'शून्यवाद' हे नाव ऐकून लोक धरून चालतात की जगात काहीच नाही असं तो म्हणतो. प्रतियोगी विचारा, म्हणजे झालं. शून्य कशानं? स्वभावानं. कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर, इतर कशावाचून उभी नाही, एवढंच त्याचं म्हणणं. 'यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे' हे त्यानं स्वच्छ सांगितलंय: कारणांवर अवलंबून उपजणं, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. शून्यता हीच एक वस्तू धरून बसणाऱ्यांना तर त्यानं 'असाध्य' ठरवलं. इतक्या स्पष्ट माणसाला नास्तित्वाचा पुरस्कर्ता ठरवणं हा अन्याय आहे. उलट ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात महाशून्याचा डोह येतो, जिथे गगनालाच ठाव नाही. तो नाथपंथी योगाचा अनुभव आहे. शब्द तोच, पण नागार्जुनाची व्याख्या तिथे लावू नये.

तबल्यातली 'खाली' हा अरबीतून आलेला रिकामा. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, ती ० या खुणेनं लिहितात, आणि तिथे गळतो तो फक्त बायाचा (डाव्या हाताच्या डग्ग्याचा) घुमारा. दायाँ, म्हणजे उजवा तबला, वाजतच असतो. रूपक तालात तर समच, म्हणजे पहिली मात्राच, खालीच्या जागी पडते.

आता मूळ प्रश्न. 'निर्वात'मध्ये प्रतियोगी उघड आहे: वात, हवा. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'निर्वाणोऽवाते'. दिवा विझला, अग्नी शमला, भिक्षू मुक्त झाला तर 'निर्वाण' म्हणावं. पण वाराच पडला असेल तर 'निर्वात'. एकाच क्रियापदाची दोन रूपं, आणि ती निवडायची कसोटी पुन्हा तीच, काय शमलं ते पाहण्याची. आजचा पारिभाषिक निर्वात 'ज्यातून वात गेला तो' असा समास म्हणून समजावा, तरी घर तेच.

टोरिचेलीनं १६४० च्या दशकात पाऱ्याची नळी उलटी केली, पारा ७६ सेंटिमीटरच्या आसपास थांबला आणि वर जागा उरली. निसर्ग रिकामेपणा सहन करत नाही या जुन्या मताला तो तडा होता. पण त्या जागेत पाऱ्याची थोडी वाफ असते. लॅटिन 'व्हॅक्यूम' म्हणजे नुसतं रिकामं, म्हणून तो शब्द तिथे थोडं खोटं बोलतो. निर्वात बोलत नाही. हवा नाही, एवढंच तो म्हणतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणींच्या चार-चार किलोमीटर लांब नळ्यांत हवेचा दाब वातावरणाच्या एक लाख कोटी भागांतला एक भाग ठेवतात. तरी हिशेब केला तर एका घन सेंटिमीटरमध्ये कोटींच्या घरात रेणू उरतात. याच औंढ्याला विसोबा खेचरांनी नामदेवांना 'जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव' म्हटल्याचं परंपरा सांगते. नामदेवांना तशी जागा मिळाली नाही. (खेचर म्हणजे 'ख'मध्ये, आकाशात फिरणारा. तोच गणितातला ख.)

पुंजभौतिकीचा (क्वांटम भौतिकीचा) आक्षेप त्याहून मोठा आहे. सगळे रेणू काढले तरी क्षेत्रं उरतात, आणि ती अगदी नीचतम ऊर्जेच्या अवस्थेतही पुरती स्वस्थ नसतात. कॅसिमिर या डच भौतिकशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये भाकीत केलं की निर्वातात दोन विद्युतभाररहित धातूच्या पट्ट्या जवळ आणल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील. १९९७ मध्ये हा परिणाम नीट मोजला गेला. मग या अवस्थेला रिक्त म्हणणं चूक, शून्य म्हणणंही चूक. निर्वात मात्र इथेही चालतो, कारण त्यानं सगळ्याचा अभाव कबूल केलेलाच नव्हता. म्हणून 'पुंज निर्वात' लिहायला हरकत नाही.

'निर्वात पोकळी' ही द्विरुक्तीही नव्हे. पोकळी ही भिंतींनी वेढलेली जागा, निर्वात हे तिचं विशेषण. थर्मास बाटलीच्या दोन भिंतींमध्ये अगदी तेच असतं. ताऱ्यांमधल्या अवकाशाला मात्र भिंत नाही, तेव्हा तिथे नुसतं 'निर्वात' लिहा आणि 'पोकळी' खोडा.