चाकाला डायनॅमो लावला तर इलेक्ट्रिक गाडी चालता चालता स्वतःच चार्ज होईल का?

नाही, डायनॅमो बॅटरी भरत राहील आणि गाडी न थांबता धुळे-जळगाव करत बसेल, असं होत नाही. जुन्या सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पायडल लगेच जड व्हायचं, आठवतं? इथेही तेच. तो फिरवायची ताकद बॅटरीच देते, त्यातली थोडी उष्णतेत जाते, म्हणजे रेंज (एका चार्जवर गाडी जाते ते अंतर) उलट घटते. उताराची गोष्ट वेगळी: कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगच्या (वेग कमी करताना ऊर्जा परत बॅटरीत भरणाऱ्या) कारमध्ये मोटरच जनरेटर होते, आणि चार्ज एखाद-दोन टक्के वाढलेला दिसू शकतो. घाट चढताना मात्र त्याहून जास्त खर्च होतो.